निजामाचे राज्य गेले, सर्किट उरले

निजाम सर्किट हा भारतीय चित्रपट व्यवसायाच्या नकाशावरचा एक प्रदेश. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकातले गुलबर्गा, बीदर व रायचूर हे जिल्हे मिळून तो बनतो. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८मध्ये भारतात सामील झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेनुसार त्याची तीन राज्यांत वाटणी झाली. चित्रपटाच्या हक्कांची खरेदी-विक्री मात्र त्यानंतरही जुन्या संस्थानाच्या हद्दीनेच होत राहिली. किनवट हा १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. वाटणीत तो नांदेडला जोडला गेला आणि त्याच जिल्ह्यातले उटनूर आदिलाबादमध्येच राहिले. तेव्हापासून ही दोन गावे दोन राज्यांत आहेत, पण हिंदी चित्रपटाच्या हिशेबवहीत त्यांचे पान एकच. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या पट्ट्यात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू आणि लंबाडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. इथल्या प्रेक्षकाला कोणता चित्रपट, केव्हा आणि कोणत्या भाषेत पाहायला मिळणार, हे त्याच्या घरच्या भाषेपेक्षा हक्क विकत घेणाऱ्या छोट्या वितरकाच्या हिशेबावर जास्त अवलंबून राहिले.

या प्रदेशातल्या चित्रपट वितरणाची सुरुवात हैदराबाद शहरातल्या एका छोट्या कंपनीपर्यंत मागे नेता येते. कंपनीचे नाव लोटस फिल्म कंपनी, आणि ती काढणारा होता बंगाली. धीरेंद्रनाथ गांगुली म्हणजे ‘डीजी’ हे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. हैदराबादेत निजामाच्या कलाशाळेत त्यांनी नोकरी केली होती. स्वतःच वेगवेगळी सोंगे घेऊन काढलेल्या छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक १९१५मध्ये निघाले आणि त्यातून त्यांची कलकत्त्याच्या चित्रपटव्यवसायात ओळख झाली. १९२१मध्ये ‘बिलात फेरत’ हा त्यांचा विनोदी मूकपट पडद्यावर आला. विलायतेहून परतलेल्या साहेबी तरुणाची त्यात खिल्ली उडवली होती. पुढच्याच वर्षी गांगुली पुन्हा हैदराबादला आले. सातव्या निजामाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी लोटस कंपनी उभी केली. कंपनीकडे स्वतःचा स्टुडिओ होता आणि शहरात दोन थिएटरे होती. चित्रपट काढायचा, तो आपल्याच थिएटरात लावायचा आणि बाहेरून आणलेला चित्रपटही तिथेच दाखवायचा, असा तिचा व्यवहार होता. निर्माता, वितरक आणि थिएटरमालक ही पुढे वेगळी झालेली तीन माणसे इथे एकाच कचेरीत बसत होती.

कंपनी बुडाली ती वितरणामुळे. १९२४मध्ये गांगुलींनी मुंबईत तयार झालेला ‘रझिया बेगम’ हा मूकपट आणून लावला. दिल्लीच्या गादीवर बसलेल्या सुलताना रझियाची प्रेमकथा त्यात रंगवली होती आणि तिचा प्रियकर हिंदू दाखवला होता. दरबाराला ते मुळीच रुचले नाही. गांगुलींना राज्य सोडण्याचा हुकूम झाला आणि लोटस कंपनी दोन-तीन वर्षांतच संपली. गांगुली कलकत्त्याला परतले, १९२९मध्ये तिथे त्यांनी ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स काढली आणि फार पुढे, उतारवयात, त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हैदराबादच्या बाजूने पाहिले तर या प्रकरणात एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९१८च्या कायद्यानुसार ब्रिटिश हद्दीत मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळे नेमली गेली होती, पण संस्थानात अखेरचा शब्द संस्थानिकाचाच असे. मुंबईत बिनबोभाट चाललेला चित्रपट हैदराबादेत कंपनीच्या मुळावर येऊ शकत होता. तो चित्रपट गांगुलींनी काढला नव्हता, फक्त लावला होता. तरी शिक्षा त्यांनाच झाली.

संस्थानाची हद्द हीच सर्किटची हद्द का झाली, याचे उत्तरही इथेच आहे. हैदराबाद हे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे राज्य होते. त्याचे नाणे वेगळे, टपाल वेगळे, रेल्वे निजामाची आणि सीमेवर जकात. संस्थानाचा ‘हाली सिक्का’ आणि इंग्रजी ‘कलदार’ रुपया यांचा दर साधारण सात हालीला सहा कलदार असा असे. मुंबईच्या निर्मात्याने परभणीच्या किंवा वरंगळच्या थिएटरवाल्याशी थेट व्यवहार करायचा म्हटला तर नाण्याचा बट्टा, जकात, परवानगी आणि दरबारची मर्जी असे सगळे त्याच्याच गळ्यात पडले असते. त्यापेक्षा सबंध संस्थानाचे हक्क हैदराबादच्या एका वितरकाला ठोक किमतीत देऊन मोकळे होणे सोयीचे. वऱ्हाडच्या उदाहरणावरून हे चांगले कळते. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता, पण १९०३पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता. चित्रपटवाल्यांनी कागदाकडे पाहिले नाही, कारभाराकडे पाहिले. म्हणून अमरावती, अकोला हे जिल्हे ‘सीपी-बेरार’ सर्किटमध्ये गेले आणि अमरावती वितरकांचे मोठे ठाणे झाले. मुंबई सर्किटने मुंबई इलाख्याचा आकार घेतला. त्यात गुजरात, सौराष्ट्र, पश्चिम महाराष्ट्र आणि बेळगाव-धारवाडही आले. तेलुगू चित्रपटांच्या व्यापारात रायलसीमेला आजही ‘सीडेड’ म्हणतात. निजामाने १८००मध्ये इंग्रजांना तोडून दिलेला तो मुलूख. दोनशे वर्षांपूर्वीच्या तहाचे कलम चित्रपटाच्या बिलबुकात अजून जिवंत आहे.

१९३१मध्ये बोलपट आला आणि या नकाशात भाषेचा प्रश्न घुसला. मूकपटात पाट्या बदलल्या की काम भागत असे. बोलपटाला ती सवलत नव्हती. हैदराबाद संस्थानात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पाव हिस्सा मराठी, बाकी कानडी आणि उर्दू. उर्दूमिश्रित हिंदी बोलपट मात्र चारही भाषांच्या गावांत थोडाफार चाले. त्यामुळे निजाम सर्किटच्या वितरकाला हिंदी चित्रपट हाच भरवशाचा माल वाटू लागला. मराठी चित्रपटाची अडचण वेगळीच होती. त्याचा प्रेक्षक तीन सर्किटांत वाटलेला होता. पुणे-कोल्हापूर मुंबई सर्किटमध्ये, नागपूर-अमरावती सीपी-बेरारमध्ये आणि औरंगाबाद-नांदेड निजाममध्ये. एक मराठी चित्रपट सगळ्या मराठी मुलखात पोहोचवायचा तर तीन जणांशी तीन सौदे करावे लागत. मराठवाड्याचा सौदा त्यात बहुधा सर्वांत लहान. जो सर्वांत लहान, तो सर्वांत शेवटी होई.

मोठ्या मराठी संस्थांनी यावर आपापला तोडगा काढला. १९२९मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३मध्ये पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांचे वितरण बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्सकडे होते, आणि पुढे पै प्रभातचे भागीदारच झाले. देव आनंद यांना प्रभातच्या ‘हम एक हैं’ या १९४६च्या चित्रपटात पहिली संधी मिळाली तीही पैंच्या मुंबईच्या कचेरीत जाऊन भेटल्यामुळे. वितरकाचे वजन किती वाढले होते, हे त्यावरून ध्यानात यावे. व्ही. शांताराम यांनी १९४२मध्ये प्रभात सोडून राजकमल कलामंदिर काढले, तेव्हा वितरणासाठी सिल्व्हर स्क्रीन एक्स्चेंज ही स्वतःची संस्थाही उभी केली. पण अशी पुंजी सगळ्यांकडे नव्हती. दुसऱ्या महायुद्धात काळा पैसा सिनेमात शिरला, पगारी नट-तंत्रज्ञांचे स्टुडिओ कोसळू लागले आणि एकेका चित्रपटापुरते निर्माते उगवले. त्यांना पैसा कोण पुरवणार? वितरक. चित्रपट पुरा होण्याआधीच प्रदेशाचे हक्क विकायचे आणि त्या पैशावर पुढचे चित्रीकरण करायचे, ही रीत पडली. सरकारने १९४९मध्ये नेमलेल्या स. का. पाटील समितीने या कारभारावर कडक ताशेरे ओढले. तिच्या शिफारशीतून फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन जन्मले ते १९६०मध्ये.

छोट्या वितरकाचा धंदा चालतो कसा, हे एकदा आकड्यांत पाहिले की पुढच्या गोष्टी सोप्या होतात. सौद्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला आउटराइट. ठरावीक रक्कम देऊन ठरावीक वर्षांसाठी प्रदेशाचे सर्व हक्क घ्यायचे, नफा-तोटा सगळा आपला. दुसरा कमिशनचा. वितरक आगाऊ काही रक्कम देतो, वसुली करून देतो आणि आपली टक्केवारी कापून घेतो. तिसरा, आणि सर्वांत प्रचलित, मिनिमम गॅरंटीचा. व्यवहारात त्याला नुसते ‘एमजी’ म्हणतात. समजा, वितरकाने निजाम सर्किटसाठी दहा लाखांची एमजी दिली आणि प्रिंट व जाहिरातीवर तीन लाख खर्च केले. थिएटरांचा वाटा जाऊन त्याच्या हातात वीस लाख आले. त्यातून तेरा लाखांचा खर्च आणि समजा चार लाखांचे कमिशन वजा केले, तर तीन लाख उरतात. याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात आणि तो निर्माता व वितरक यांच्यात बहुधा निम्मा-निम्मा वाटला जातो. हातात वीसऐवजी आठच लाख आले, तर पाच लाखांचे नुकसान एकट्या वितरकाचे. निर्मात्याने एमजी परत द्यायची नसते. एक मोठा चित्रपट पडला की छोटा वितरक घर विकतो, असे या धंद्यात म्हणतात ते यामुळेच.

थिएटरवाल्याशी वेगळाच हिशेब. मोठ्या शहरात आठवड्याच्या भाड्याने थिएटर घेतले जाई, मध्यम गावात गल्ल्याची टक्केवारी ठरे, आणि लहान गावात बहुतेक वेळा ठोक भाड्याने चित्रपट दिला जाई. गावांचीही प्रतवारी होती, ए, बी आणि सी सेंटर. हैदराबाद-सिकंदराबाद हे ए, जिल्ह्याची गावे बी आणि उटनूरसारखी तालुक्याची ठिकाणे सी. रोजच्या गल्ल्याचा कागद म्हणजे डीसीआर. तो खरा आहे की नाही हे बघायला वितरकाचा माणूस थिएटरच्या दारात बसे, आणि त्या माणसाला थिएटरवाल्याने फितवू नये म्हणून वितरक अधूनमधून दुसरा माणूस पाठवी. सी सेंटरला माणूस पाठवण्याचा खर्चच वसुलीपेक्षा जास्त, म्हणून तिथे ठोक भाडे. त्या गावात चित्रपट तुफान चालला तरी वितरकाला त्याचा पत्ता लागत नसे. त्यामुळे या गावांची खरी आवड कोणत्याही हिशेबात कधी उमटलीच नाही.

प्रिंट ही या सगळ्यातली सर्वांत महाग वस्तू. अडीच तासांच्या चित्रपटाची फिल्म चार किलोमीटरहून लांब भरते. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटे चालते. ही रिळे पत्र्याच्या पेट्यांत भरून रेल्वेने किंवा एस.टी.च्या टपावरून गावोगाव जात. एका सर्किटला मोजक्याच प्रिंट काढल्या जात. त्या आधी ए सेंटरला झिजत, मग बी आणि शेवटी सी. चित्रपट उटनूरच्या बाजूला पोहोचेपर्यंत पडद्यावर रेघांचा पाऊस पडत असे, दोन-चार ठिकाणी तुकडे जोडलेले असत आणि एखादे गाणे कुणीतरी कापून ठेवून घेतलेले असे.

प्रदेशानुसार हक्क वाटून घेण्याची ही सर्किटची रीत आदिलाबादला अनोळखी नव्हती. इथल्या राजगोंडांच्या कथा सांभाळणारे परधान घरात मराठी बोलतात आणि किंगरीवर गातात ते गोंडीत, अशी नोंद मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी केली आहे. कोणत्या परधानाने कोणत्या गोंड घराण्याकडे जाऊन गायचे, हे वंशपरंपरेने ठरलेले. फरक एवढाच की परधानाला आपल्या यजमानाची भाषा आणि आवड पुरती ठाऊक असते. हैदराबादच्या वितरकाला सी सेंटरच्या प्रेक्षकाबद्दल तेवढी माहिती असणे शक्य नव्हते.

१९५६नंतर या धंद्यात एक नवा गुंता आला, करमणूक कराचा. एकाच सर्किटमध्ये आता तीन राज्यांचे तीन कायदे लागू झाले. महाराष्ट्राने पुढे मराठी चित्रपटांना करात सवलत दिली, पण ती राज्याच्या सीमेवर संपत असे. किनवटला जो चित्रपट करमुक्त, तोच आदिलाबादला परभाषेतला चित्रपट म्हणून करपात्र. सीमेपलीकडच्या मराठी वस्तीसाठी मुद्दाम मराठी चित्रपट आणावा, असे वितरकाला वाटण्याचे कारणच उरले नाही. या भागातल्या मराठी माणसाची सिनेमाची भाषा हिंदी आणि तेलुगू झाली, ती आवडीने कमी आणि पुरवठ्याने जास्त.

वितरणाने एखाद्या चित्रपटाचे काय होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण याच मातीतले आहे. गोंड नेता कोमरम भीम याने जल, जंगल आणि जमीन यांच्या हक्कासाठी निजामाच्या सत्तेविरुद्ध लढा दिला आणि १९४०मध्ये जोडेघाट इथे तो मारला गेला. उटनूरच्या पूर्वेच्या डोंगरातले हे गाव आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. भीमच्या आयुष्यावर अल्लाणी श्रीधर यांनी ‘कोमरम भीम’ हा तेलुगू चित्रपट १९९०मध्ये पुरा केला. भूमिका भूपाल रेड्डी यांची, संगीत गौतम घोष यांचे. तेलंगणातल्या शेतकरी लढ्यावर १९७९च्या सुमारास ‘मा भूमी’ काढणारे दिग्दर्शक ते हेच. चित्रपटाला आंध्र सरकारचे नंदी पुरस्कार मिळाले. थिएटरात तो आला २०१०मध्ये, वीस वर्षांनी. तोपर्यंत वेगळ्या तेलंगण राज्याचे आंदोलन भडकले होते, डिसेंबर २००९मध्ये केंद्राने राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केली होती आणि कोमरम भीम हे नाव आदिलाबादच्या डोंगरांतून बाहेर पडून राज्यभर पोहोचले होते.

अशा चित्रपटाकडे वितरक कोणत्या नजरेने पाहतो, ते वरच्या आकडेमोडीवरून ताडता येते. नावाजलेला नट नाही, गाजलेली गाणी नाहीत, आणि ज्या प्रेक्षकाला तो आपला वाटेल तो राहतो सी सेंटरला, जिथून वसुलीचा कागदही येत नाही. पुरस्काराला एमजीच्या सौद्यात किंमत नसते. २०२२मध्ये एस. एस. राजमौली यांच्या ‘आरआरआर’मध्ये ज्युनियर एनटीआर यांनी कोमरम भीमची भूमिका केली. तो चित्रपट पहिल्याच दिवशी जगभर झळकला. इतिहास त्यात नावापुरताच होता, तरी हक्कांसाठी खरेदीदारांची रीघ लागली.

मधल्या काळात धंद्याचे यंत्रच बदलले होते. २००५च्या सुमारास यूएफओ आणि क्यूब या कंपन्यांनी उपग्रहाने किंवा हार्ड डिस्कवरून चित्रपट थिएटरात पोहोचवायला सुरुवात केली आणि दहा वर्षांच्या आत फिल्मची प्रिंट इतिहासजमा झाली. पेट्या, झीज, रेघा आणि सी सेंटरची वाट पाहणे, हे सगळे त्याबरोबर गेले. आता तालुक्याचे थिएटरही मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी तोच चित्रपट लावू शकत होते. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ महाराष्ट्राबाहेर तेलंगणातही लागला. त्याच्या उत्तरार्धात नायिका आर्ची आणि नायक परश्या पळून जातात तेही हैदराबादलाच. प्रिंटच्या जमान्यात मराठी चित्रपटासाठी कोणी एवढ्या लांब पेट्या पाठवल्या असत्या, असे वाटत नाही. २०१७मध्ये जीएसटी आला आणि राज्याराज्यांचा करमणूक करही त्यात विरला. छोट्या वितरकाला याचा फायदा झाला तसा तोटाही. मुंबईच्या मोठ्या कंपन्या देशभर स्वतःच चित्रपट लावू लागल्या, मल्टिप्लेक्सवाल्यांशी थेट बोलू लागल्या आणि मधल्या माणसाची गरज कमी झाली. हिंदीचे कित्येक जुने वितरक बाजूला पडले.

तेलुगूत मात्र निजाम सर्किटचा वितरक अधिकच मोठा झाला. निजामाबाद जिल्ह्यातल्या नरसिंगपल्ली गावचे वेंकटरमण रेड्डी यांनी १९९०च्या दशकात छोटे वितरक म्हणून सुरुवात केली. २००३मध्ये त्यांनी ‘दिल’ हा पहिला चित्रपट काढला आणि तेव्हापासून ते ‘दिल राजू’ या नावाने ओळखले जातात. त्यांची श्री वेंकटेश्वर क्रिएशन्स ही आज तेलुगूतल्या बड्या संस्थांपैकी एक आहे आणि २०२४च्या अखेरीस ते तेलंगण फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. एकाच कचेरीत निर्मिती, वितरण आणि थिएटरे ठेवण्याचा लोटस कंपनीचा प्रयोग शंभर वर्षांनी यशस्वी झाला तो असा.

त्यांच्याच घरातून मार्च २०२३मध्ये ‘बलगम’ हा छोटा चित्रपट आला. वेणु येल्दंडी यांच्या या चित्रपटात आजोबांच्या पिंडाला कावळा शिवत नाही आणि त्यापायी सगळे कुटुंब घुसळून निघते. मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. तेलंगणातल्या गावकऱ्यांनी चौकात पडदे बांधून हा चित्रपट फुकट दाखवायला सुरुवात केली आणि माणसे एकत्र बसून रडली. कंपनीने एप्रिलमध्ये निजामाबादच्या पोलिसांकडे या खेळांविरुद्ध तक्रार केली. कायद्याने तक्रार बरोबरच होती, हक्क त्यांचे होते. पण सी सेंटरचा प्रेक्षक पैसे देऊन, आपल्या गावात, आपला वाटणारा चित्रपट कसा पाहील, याचा सौदा निजाम सर्किटमध्ये अजून कुणी बसवलेला नाही.